बोलती यंत्रे आणि मुकी काच

आज रात्री जेवणं आटोपल्यावर एक लहानसा प्रयोग करून पाहा. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर तो पुढ्यात घ्या, शेजारी आपला मोबाइल ठेवा, आणि डोळे मिटा. डोळे मिटूनच ट्रान्झिस्टर लावायचा. हाताला एक फिरतं बटण लागेल. ते पिरगाळलं की ‘टक्’ असा आवाज होईल आणि खरखर सुरू होईल. दुसरं बटण हळूहळू फिरवत नेलंत की कुठलं ना कुठलं केंद्र बोलू लागेल. साधलं! आता मोबाइल हाती घ्या, आणि डोळे न उघडता आपल्या भावाला फोन लावा. बोटाखाली काय येतं? एक गुळगुळीत काच. वर तीच, खाली तीच, डावीकडे तीच अन् उजवीकडेही तीच. आवाजी हुकमाची सोय मुद्दाम लावून ठेवलेली असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर दोन मिनिटांत तुम्ही भलत्याच माणसाला फोन लावाल आणि डोळे उघडाल.

तुम्ही डोळे उघडू शकता. ज्यांना ते उघडून काही उपयोग नाही, त्यांच्याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

आमच्या गावी आळीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ राहत. सारा गाव त्यांना आबा म्हणे. लहानपणी देवी आल्या आणि त्यांत त्यांचे दोन्ही डोळे गेले, असं घरची माणसं सांगत. मी प्राथमिक शाळेत होतो, म्हणजे ही गोष्ट १९८७-८८ च्या सुमाराची. आबांकडे एक ट्रान्झिस्टर होता. त्याच्या केंद्र बदलण्याच्या बटणावर त्यांनी चाकूनं एक खाच पाडून घेतली होती. ती खाच अंगठ्याखाली बरोबर वर आली की पुणं लागायचं. सकाळच्या बातम्या, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम, रात्रीची भजनं, यांपैकी काही म्हणून त्यांचं चुकत नसे. पावसाचा अंदाज विचारायला डोळस शेतकरी आबांच्या ओट्यावर येत. गावात डोळ्यांनी अधू असलेला माणूस बातमीच्या बाबतीत मात्र सगळ्यांच्या पुढं होता. एका खाचेनं हे घडवलं होतं.

मी इतिहास शिकवतो. इतिहास म्हटला की आपल्याला लढाया आणि तह आठवतात. पण यंत्रांनाही इतिहास असतो, आणि तो बहुधा ती यंत्रं बनवणाऱ्यांच्या बाजूनं सांगितला जातो. आज आपण तो अंध माणसाच्या बोटांनी चाचपून पाहू. मग एक गोष्ट ध्यानात येईल. यंत्र आपणहून कोणाला जवळ करत नाही की कोणाला दूर लोटत नाही. ते घडवताना अंध माणसाची आठवण कोणाला झाली होती का, आणि झाली तर केव्हा, यावर सारं अवलंबून असतं.

प्रारंभ फ्रान्सपासून करू. पॅरिसजवळच्या कूव्रे नावाच्या खेड्यात १८०९ साली लुई ब्रेलचा जन्म झाला. बाप खोगिरं आणि चामड्याचं सामान करणारा. तीन वर्षांचं पोर बापाच्या आरीशी खेळताना ती डोळ्यात घुसली, जखम चिघळली, आणि दोन्ही डोळे गेले. दहाव्या वर्षी तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तिथं पुस्तकं होती, पण ती कशी? आपलीच रोमन अक्षरं जाड कागदावर फुगवून उठवलेली. एकेक अक्षर बोटानं चाचपत ओळ संपायला वेळ लागे, आणि लिहिण्याची सोय जवळजवळ नव्हतीच.

त्याच सुमारास शार्ल बार्बिये नावाच्या लष्करी पेशाच्या माणसानं उंच टिंबांनी लिहिण्याची एक रीत काढली होती. अंधारात दिवा न लावता निरोप वाचता यावा, अशी त्यामागची कल्पना. तिच्यात एकेका खुणेला बारा टिंबांपर्यंत जागा लागे; एवढं सगळं बोटाच्या एका टोकात मावत नसे. ब्रेलनं ती बारा टिंबं सहांवर आणली. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत बहुतेक तयार झाली, आणि १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. सहा टिंबांच्या त्रेसष्ट खुणा होतात. त्यांत अक्षरं आली, आकडे आले, संगीताचं लेखनही आलं.

आता शिक्षकमंडळींनी इकडं विशेष लक्ष द्यावं. मुलांना ही लिपी फार आवडली, पण शाळेनं ती अधिकृतपणे स्वीकारली १८५४ साली. ब्रेल वारला १८५२ साली. म्हणजे आपल्या लिपीचा स्वीकार त्याला पाहायला मिळालाच नाही. अडचण कुठं होती? फुगवलेली रोमन अक्षरं डोळस शिक्षकांना वाचता येत, टिंबं येत नसत. मुलाच्या बोटाला काय सोयीचं, यापेक्षा गुरुजींच्या डोळ्याला काय सोयीचं, हा विचार वरचढ ठरला. ही चूक पुढं पुन्हा पुन्हा झालेली आपल्याला दिसेल.

याच्या उलट उदाहरणही आहे. इटलीत पेलेग्रिनो तुरी नावाच्या माणसानं १८०८ च्या सुमारास एक लिहिण्याचं यंत्र तयार केलं. कारोलिना फान्तोनी ही त्याची परिचित उमराव घराण्यातली स्त्री अंध होती. पत्र लिहायचं तर दुसऱ्याला मजकूर सांगावा लागे, म्हणजे मनातलं काही खाजगी राहत नसे. तिला स्वतःच्या हातानं लिहिता यावं म्हणून हे यंत्र. टंकलेखन यंत्राच्या अगदी पहिल्या नमुन्यांत त्याची गणना होते. यंत्र कुठं गहाळ झालं कोण जाणे, पण त्यावर तिनं लिहिलेली काही पत्रं आजही जपून ठेवलेली आहेत. पुढं शंभर-दीडशे वर्षं जगभरच्या कचेऱ्यांत जो टकटकाट चालला, त्याच्या उगमाशी एका अंध बाईची गरज होती.

आता बोलत्या यंत्राकडं येऊ. १८७७ साली अमेरिकेत टॉमस एडिसननं फोनोग्राफ बनवला. माणसाचा आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं हे पहिलं यंत्र. गंमत अशी, की एडिसन स्वतः कानांनी अधू होता. पुढच्याच वर्षी, १८७८ साली, त्यानं एका मासिकात या यंत्राचे उपयोग क्रमवार सांगितले. पहिला उपयोग पत्रं सांगून ठेवण्याचा. दुसरा कोणता असेल? अंध माणसांना पुस्तकं ऐकवण्याचा! गाण्याबजावण्याचा नंबर त्या यादीत चौथा होता. म्हणजे यंत्र जन्मलं तेव्हाच अंधांची आठवण झाली होती.

पण आठवण होणं वेगळं आणि काम होणं वेगळं. फोनोग्राफच्या नळकांड्यावर जेमतेम दोनेक मिनिटांचा आवाज मावे. पुढं चपट्या तबकड्या निघाल्या, त्यांच्या एका बाजूला तीन ते पाच मिनिटं मावत. गाण्याला तेवढं पुरतं, कादंबरीला कसं पुरणार? दर चार मिनिटांनी उठून तबकडी उलटायची म्हणजे कथेतला राजपुत्र घोड्यावर बसेपर्यंत श्रोता दमून जायचा. धंदा गाण्यावर उत्तम चालला होता, त्यामुळे जास्त वेळ चालणाऱ्या तबकडीची निकड कोणाला वाटली नाही. निकड होती ती अंधांना. एडिसनच्या यादीतली दुसरी ओळ अशी पन्नास वर्षांहून अधिक काळ कागदावरच राहिली.

१९३१ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं एक कायदा केला आणि प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी दर साल एक लाख डॉलर मंजूर केले. तिथल्या अंधांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे प्रमुख रॉबर्ट आयर्विन हे लहानपणापासून स्वतः अंध होते. त्यांच्या पुढाकारानं मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेणारी, बारीक खाचांची मोठी तबकडी तयार झाली. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटांचं वाचन मावू लागलं. १९३४ पासून अशी ‘बोलकी पुस्तकं’ वाचनालयांतून अंधांच्या घरी जाऊ लागली. इंग्लंडमध्ये १९३५ साली तशीच सोय झाली. तिथं पुढाकार इयन फ्रेझर यांचा. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. युद्धातून अंध होऊन परतलेले तरुण सैनिक म्हणजे वाढल्या वयात ब्रेल शिकायला बसणारे लोक; बोटं राठ झालेली, मन खचलेलं. त्यांना पुस्तक कानानं देणं हाच मार्ग होता.

डोळस लोकांसाठी तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या तबकड्या एका कंपनीनं १९३१ मध्ये विकून पाहिल्या होत्या, पण मंदीच्या दिवसांत त्या खपल्या नाहीत. तुमच्या-आमच्या घरांत वाजलेली ती ‘एलपी’ बाजारात रुजली १९४८ नंतर. म्हणजे लांब चालणारी तबकडी घरोघरच्या अंधांनी डोळसांच्या चौदा वर्षं आधी वापरली. ज्याला आपण मागं राहिलेला समजतो, तो या बाबतीत पुढं चालत होता.

आपल्या देशात काय घडत होतं? मुंबईत १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली होती. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ साली डेहराडूनला एक वसतिगृह सुरू झालं, आणि पुढं त्यातूनच अंधांसाठीची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. पण मोठी अडचण लिपीची होती. एका शाळेत एक ब्रेल, दुसरीत दुसरं. १९५१ साली साऱ्या भारतीय भाषांसाठी मिळून एकच ‘भारती ब्रेल’ ठरलं. त्याची रचना सोपी आहे. मराठी ‘अ’ला इंग्रजी ‘ए’चंच एक टिंब, ‘क’ला ‘के’चीच दोन टिंबं. अंध विद्यार्थी मराठी शिकला की हिंदी-गुजरातीची अक्षरं त्याला निराळी शिकावी लागत नाहीत. तुमच्या डोळस विद्यार्थ्याला जे सुख नाही, ते हे! पुढच्याच वर्षी, १९५२ साली, मुंबईत राष्ट्रीय अंध संघ स्थापन झाला.

तरीसुद्धा खेड्यापाड्यांतल्या अंध माणसापर्यंत ब्रेल फार थोडं पोचलं. पोचला तो रेडिओ. रेडिओसाठी शाळा लागत नाही, लिपी लागत नाही. रेडिओ अंधांसाठी केलेला नव्हता, पण त्याची बटणं बोटांना कळत आणि त्याचा मजकूर कानांना कळे. आमच्या आबांचं विद्यापीठ तेच होतं. पुढं १९६३ साली कॅसेट आली. तिचीही बटणं खटक्याची; दाबलं की खाली जाणारी, थांबवलं की वर येणारी. कितीतरी अंध विद्यार्थी मित्रांकडून पुस्तकं कॅसेटवर वाचून घेऊन पदवीधर झाले.

टेलिफोनचंही तसंच. तो बनवणारा ग्रॅहम बेल हा बहिऱ्यांचा शिक्षक, पण यंत्र लाभलं अंधांना. जुन्या फोनच्या तबकडीला दहा भोकं असत, बोटानं मोजून नंबर फिरवता येई. बटणांचे फोन आले तेव्हा मधल्या पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा ठेवण्याची रीत पडली. हातातल्या बटणांच्या मोबाइलवर आजही बोट फिरवून पाहा, तो सापडेल. पाच सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडतात. आपल्याकडं बँका, कचेऱ्या आणि कारखाने यांच्या टेलिफोन-बोर्डांवर अनेक अंध स्त्री-पुरुषांनी उभं आयुष्य सन्मानानं नोकरी केली.

आणि मग आली काच. २००७ साली ॲपल कंपनीचा आयफोन निघाला. आकड्यांची बटणं काढून टाकलेली, समोर जवळजवळ नुसती काच. जगानं वाहवा केली. साऱ्या कंपन्या त्या वाटेनं निघाल्या. पण पाचवरचा तो बारीक उंचवटा काचेखाली गडप झाला. बोलण्याचं यंत्र, ऐकण्याचं यंत्र, आणि त्याला हात कुठं लावायचा हे मात्र डोळ्यांनाच कळायचं. दीडशे वर्षांत इंचाइंचानं मिळवलेली जमीन एका झटक्यात पाण्याखाली जावी तसं झालं.

यातून वाट निघाली, आणि तिच्याशी आपल्या पुण्याचा संबंध आहे. टी. व्ही. रामन हे पुण्यात वाढलेले. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची उरलीसुरली दृष्टी गेली. भाऊ आणि शिक्षक पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवत, हे ऐकत. पुणे विद्यापीठातून गणित घेऊन ते पदवीधर झाले, मुंबईच्या आयआयटीत संगणकशास्त्र शिकले, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९९४ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता, गणिताची समीकरणं कानाला समजतील अशी कशी बोलून दाखवायची. पुढं ते गूगल कंपनीत गेले. २००९ च्या सुमारास त्यांनी आणि त्यांचे सहकारी चार्ल्स चेन यांनी काचेच्या फोनवर नंबर फिरवण्याची एक युक्ती काढली. ती ऐकण्यासारखी आहे.

अंध माणसाला काचेवर पाचचा आकडा सापडत नाही ना? मग त्यानं तो शोधायचाच कशाला? त्यानं काचेवर कुठंही बोट टेकावं. बोट टेकलं ती जागा म्हणजेच पाच! तिथून वर सरकवलं की दोन, खाली आठ, डावीकडं चार, उजवीकडं सहा. माणसानं यंत्राला शोधत जाण्याऐवजी यंत्रानं माणसाच्या बोटाखाली येऊन उभं राहायचं. बुडालेला उंचवटा असा परत वर आला, आणि तो शोधून काढणारा माणूस स्वतः अंध होता.

त्याच २००९ साली जूनमध्ये आयफोनवर ‘व्हॉइसओव्हर’ आणि पुढं काही महिन्यांत गूगलच्या अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ या सोयी आल्या. यांचं काम असं चालतं. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली जे असेल त्याचं नाव फोन बोलतो, पण उघडत नाही. हवं ते ऐकू आलं की दोनदा टिचकी मारायची, म्हणजे ते उघडतं. यापूर्वी फोन बोलता करायचा तर बहुधा निराळा प्रोग्रॅम विकत घ्यावा लागे. आता तो फोनाबरोबर फुकट येतो आणि मराठीही बोलतो. संगणकाच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली ‘एनव्हीडीए’ नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि जगाला मोफत दिला. त्याचा जोडीदार जेम्स टे, तोही अंधच. महागडा प्रोग्रॅम ज्यांना परवडत नव्हता, अशा आपल्या देशातल्या असंख्य विद्यार्थ्यांचं त्यानं कल्याण केलं.

एवढं ऐकून वाटेल, चला, प्रश्न सुटला. मलाही तसंच वाटत होतं. पण माझ्या वर्गातल्या एका मुलीनं मला शहाणं केलं.

ती जन्मापासून अंध. तालुक्याच्या गावाहून एसटीनं यायची. आम्ही प्राध्यापकांनी वर्गणी काढून तिला व्याख्यानं टिपून घेण्यासाठी एक छोटा आवाजयंत्राचा संच, म्हणजे रेकॉर्डर, भेट दिला. चांगला नवा होता. आठवड्यानं मी विचारलं, “काय गं, उपयोग होतोय ना?” ती म्हणाली, “सर, दोन दिवसांचं काहीच उठलं नाही. सुरू झालं की लाल दिवा लागतो म्हणे. मला कसा दिसणार?” पाहतो तर खरंच. दिवसभर दुसऱ्यांचा आवाज साठवणारं ते यंत्र स्वतःबद्दल एक शब्द बोलत नव्हतं. सुरू झालो, बंद झालो, जागा भरली, सारं काही त्या इवल्याशा पडद्यावर. एक साधी ‘टीं’ वाजवायला कारखानदाराला काय खर्च आला असता? नुसतं सुचलं नाही.

तिनं तो रेकॉर्डर परत दिला आणि आपल्या साध्या मोबाइलवर काम चालवलं. टॉकबॅक ती इतक्या वेगानं ऐके, की आम्हाला एक शब्द कळू नये. मी तिचं कौतुक करत राहिलो. पुढं परीक्षेच्या आधी तिनं मला जे विचारलं, ते मी विसरलेलो नाही. “सर, तुम्ही मोबाइलवर टिपणं पाठवता, ती माझा फोन वाचत नाही. नुसतं ‘चित्र’ म्हणतो. बाकीच्यांना काय आलंय?”

वाचकहो, मी काय करत होतो सांगतो. हातानं लिहिलेल्या टिपणांचे फोटो काढून वर्गाला पाठवत होतो. डोळस मुलांना ती अक्षरं होती; तिच्या फोनला ते एक मुकं चित्र होतं. हस्ताक्षराचा फोटो फोन सहसा वाचत नाही. जी काही टिपणं टाइप केलेली होती, ती आमच्या कचेरीतल्या जुन्या टंकात. पडद्यावर मराठी दिसे, पण आत साठवलेली असत भलतीच रोमन अक्षरं. तिचा फोन त्यांचा काहीतरी अगम्य पाढा वाचे. चार महिने ती गप्प बसली. मैत्रिणीकडून वाचून घेई आणि मला त्रास नको म्हणून बोलत नसे. मुक्या रेकॉर्डरच्या कारखानदाराला मी नावं ठेवत होतो, आणि मुकी काच मी स्वतः दर आठवड्याला तिच्या हातात देत होतो. पॅरिसच्या शाळेतल्या गुरुजींनी माझ्या सोयीचं ते तुमच्या सोयीचं म्हटलं. मी दुसरं काय केलं? त्या रात्री बसून मी सारी टिपणं युनिकोडात पुन्हा टाइप करायला घेतली. पाच रात्री लागल्या.

आपल्या देशात कायदा या बाबतीत मागं नाही. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा दुरुस्त होऊन अंधांसाठी पुस्तकाचं ब्रेल किंवा बोलकं रूप करायला लेखक-प्रकाशकांच्या परवानगीची गरज उरली नाही. २०१३ साली मोरोक्कोतल्या माराकेश शहरी याच कामासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि २०१४ साली त्याला सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर नित्य वापराच्या वस्तू आणि विजेची उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा रचनेची असावीत, असं कलमच आहे. तरीही बँकेचं खातं मोबाइलवरून उघडायचं झालं तर ‘कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा’ असं अंध माणसाला सांगितलं जात होतं. गाऱ्हाणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयानं निकाल दिला, की अशा यांत्रिक सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला वीस आदेश दिले. निकाल मोठा आहे. पण आदेश दिल्लीहून गावच्या शाळेपर्यंत पायी चालत येतो, हे आपणास ठाऊक आहेच.

म्हणून शेवटी चार गोष्टी आपल्या हातातल्या सांगतो.

पहिली. तुमच्या घरी किंवा शेजारी कोणी अंध असेल, किंवा म्हातारपणी कोणाची नजर गेली असेल, तर त्यांच्या फोनच्या ‘सेटिंग’मध्ये जाऊन ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग उघडा. तिथं ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ मिळेल. सुरू केल्यावर फोनाची वागणूक बदलते, एका टिचकीचं काम दोन टिचक्यांनी होतं. तेव्हा घाबरून लगेच बंद करू नका. आठ दिवस रोज थोडा वेळ शेजारी बसा. सवय लागायला तेवढे दिवस द्यायलाच हवेत.

दुसरी, शिक्षकांसाठी. टिपणं, सूचना आणि वेळापत्रकं फोटो काढून पाठवू नका; युनिकोड मराठीत टाइप करून पाठवा. वर्गात आज अंध विद्यार्थी नसला तरी पाठवा. उद्या येईल तेव्हा त्याला मागावं लागू नये.

तिसरी. फळ्यावर लिहिताना तोंडानं म्हणत जा. ‘हे इकडं, ते तिकडं’ असं बोट दाखवून सांगू नका. पाहा, यानं मागच्या बाकावरच्या डोळस मुलालाही जास्त कळेल.

चौथी. दुकानात रेडिओ, फोन, कानात घालायची यंत्रं किंवा धुलाईयंत्र घ्यायला जाल, तेव्हा दुकानदाराला एकदा विचारा, “डोळे मिटून हे चालवता येतं का?” त्याला उत्तर येणार नाही. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कंपनीच्या माणसाला विचारील.

आपल्याकडं म्हण आहे, आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. या दोनशे वर्षांच्या इतिहासात मला तरी कोणी डोळा मागताना दिसला नाही. ब्रेलनं सहा टिंबं मागितली, आयर्विननी पंधरा मिनिटांची तबकडी मागितली, रामननी बोट टेकायला एक जागा मागितली. माझ्या विद्यार्थिनीनं फोटोऐवजी अक्षरं मागितली. आणि आमच्या आबांनी तर काही मागितलंच नाही. चाकू घेतला आणि खाच पाडली.

काचेवर चाकूनं खाच पाडता येत नाही. ती आता घडवणाऱ्यानं, शिकवणाऱ्यानं आणि पाठवणाऱ्यानं आधीच पाडून ठेवायची असते. आपल्यापैकी प्रत्येक जण दिवसातून चार वेळा कोणाला तरी काहीतरी पाठवतोच. त्या वेळी आबांचा अंगठा आठवावा, एवढंच माझं मागणं.